बारावी ग्रंथी

"काखेतल्या या ग्रंथीला फक्त माशांचे काटे आठवतायत, मावशी," पडद्याकडे बघत डॉक्टर खोत म्हणाल्या. "कॅन्सर नाही. ही ठेवू."

चांगुणाबाईंनी डावी मूठ आवळली. उद्या स्तनाचं ऑपरेशन होतं. त्याची त्यांना एवढी भीती नव्हती. पण ग्रंथी काढल्या की हात सुजतो, असं त्यांच्याबरोबर मासळी विकणाऱ्या बायका सांगत होत्या, आणि सुजल्या हातानं मासळी कशी धरायची? समोरचं यंत्र मात्र एकेका ग्रंथीनं आजवर कोणकोणते रोग परतवले, ते वाचत होतं. अकरा वाचून झाल्या, अकराही राहणार होत्या.

बारावीत कॅन्सर शिरला होता. "ही काढावीच लागेल," डॉक्टर म्हणाल्या आणि थबकल्या. "तुम्हाला कधी डांग्या खोकला झाला होता?"

"मला नाय. हिला झालेला, दीड महिन्याची असताना." त्यांनी शेजारी बसलेल्या लेकीकडे, रेश्माकडे पाहिलं. "सासू म्हणाली, तुझंच दूध बाधलं पोरीला, तोड. मी लपून पाजायचे. अजून वाटतं, माझ्यामुळंच आजारी पडली."

"पिताना बाळाची लाळ थोडी आत जाते, मावशी. त्यातून या ग्रंथीनं रोग ओळखला, त्यावर औषध तयार केलं आणि दुधातून हिला परत पाठवलं. सगळं इथे दिसतंय."

"किती दिवस पाठवलं?" रेश्मानं विचारलं.

"एकेचाळीस."

मग रेश्मा उठली. तिनं आईच्या काखेला हात लावला आणि तोच हात आपल्या कपाळाला लावला.