हमखास दिसणारा समुद्रघोडा

कमरेभर पाण्यात उभा राहून नवरा पाहुण्यांना सांगत होता, "यांच्यात पोटुशी राहतो तो बाप. बाळंतपणही त्याचंच. आमच्या हिला सांगितलं, तर म्हणाली, पुढच्या जन्मी तुम्हीच व्हा घोडा."

पाहुणे हसले. बायकोही हसली. लग्नाला चार महिने झाले होते आणि त्याचं काम बघायला ती आज पहिल्यांदाच पाण्यात उतरली होती. रोज एकाच जागी समुद्रघोडा हमखास दाखवणारा गाईड म्हणून त्याचं नाव होतं. "मुक्या जिवाला माणूस कळतो," तो घरी म्हणायचा. तिला ते खरं वाटायचं.

सगळ्यांनी मास्क लावून पाण्यात तोंडं घातली. गवताच्या पात्यांत बोटभर घोडा डुलत होता. पोट टम्म फुगलेलं. फोटो निघाले, पाहुणे काठाकडे वळले. ती मागे राहिली, आणखी जवळ गेली.

शेपटीला तंगूस होता, गळाला बांधतात तो नायलॉनचा दोरा. दुसरं टोक खालच्या दगडाला. निरगाठीखाली कातडी सोलवटून पांढरं मांस उघडं पडलं होतं आणि त्याला बारीक किडे चिकटले होते. घोडा वर उसळायचा, हिसका बसायचा, पुन्हा खाली. हेच ते डुलणं.

वर येऊन ती खोकत राहिली. नवरा जवळ आला.

"शिव शिव! बांधलाय तुम्ही त्याला."

"हळू बोल. मग काय, लोकांनी एवढ्या लांब येऊन गवत बघायचं?"

"अहो, पोटुशी आहे तो."

"म्हणून तर हा निवडला. फोटोत पोट कसं उठून दिसतं! मेला तर दुसरा आणू, त्यात काय."

तो काठाकडे निघाला. ती श्वास धरून खाली गेली. दगडाला कालवं चिकटली होती. त्यांच्या शिंपल्यांच्या धारेवर ती तंगूस घासत राहिली. बोटं कापली. शेवटी तुटला. घोडा गवतात शिरला, शेपटीचा फास तसाच घेऊन.

तुटका दोरा मुठीत धरून ती काठाशी आली. नवरा खडकावर उभा होता. मागे पाहुण्यांची दुसरी खेप चपला काढत होती. दोरा बघून त्याचा चेहरा उतरला.

"आता यांना काय दाखवू, तुझं डोकं?" तो दातओठ खात पुटपुटला. मग लोक बघतायत म्हणून हसला, हात पुढे केला. "ये वर. घसरशील."

खडकावर हिरवंगार, बुळबुळीत शेवाळ होतं. तिने त्यातच बोटं रुतवली आणि वर चढली.