न तुटलेला तुकडा

चाचणी-यंत्राचा हातोडा खाली झेपावला आणि थोरलीच्या पोलादाचे दोन तुकडे खणखणत फरशीवर पडले.

प्रयोगशाळेचा रिवाज असा, की ज्याचा तुकडा मोडेल त्यानेच तो वाकून उचलायचा. थोरली वाकली. मोडलेली बाजू काचेसारखी चकाकत होती. कार्बन वाढवून तिने पोलाद खूप कठीण केलं होतं. पण कठीण असेल ते चिवट असतंच असं नाही. आत भेग शिरल्यावर तिला अडवायला काहीच उरलं नव्हतं.

आता पाळी धाकट्या बहिणीची. क्रेनच्या हुकासाठी दोघींपैकी एकीचंच पोलाद निवडलं जाणार होतं. धाकटीने कार्बन बेताचा ठेवून थोडं निकेल घातलं होतं. परवा साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, धाकटीचा हात चांगला आहे. घरी कौतुक तिचं, इथेही तिचंच. थोरलीच्या पोटात तेव्हापासून दुखत होतं. म्हणून काल धाकटी जेवायला गेल्यावर तिने भट्टीचा काटा गुपचूप वर सरकवला. पाणी दिलेलं, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केलेलं, कडक पोलाद पुन्हा तापवताना उष्णता वाढली, की ते नरम पडतं. पडू दे नरम. एकदा तरी तिची फजिती होऊ दे.

हातोडा सुटला. या वेळी खणखणाट झाला नाही, नुसता धप्प आवाज आला. तुकडा वाकला, थोडा फाटला आणि तसाच अडकून राहिला. फरशीवर उचलायला काहीच नव्हतं.

साहेबांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आतली वीण इतकी बारीक होती, की भेगेला पावलोपावली वळणं घ्यावी लागली होती. ताकद जराशी उतरली होती, पण हुकाला पुरून उरेल एवढी होती. हे जमलं कसं, त्यांनी विचारलं.

"भट्टीचा काटा मी लावला तिथे नव्हता," धाकटी म्हणाली. "ताईने वर केला. जेवून येताना मी पाहिलं, पण तसाच राहू दिला."

थोरलीने मुठीतले तुकडे घट्ट आवळले. आता सगळं बाहेर पडणार होतं.

"तिने केला म्हणून वाचलं, साहेब. ताईपेक्षा कठीण करून दाखवायचं, म्हणून मी काटा नको तितका खाली ठेवला होता." धाकटीने मान खाली घातली. "लहानपणापासून जळते मी हिच्यावर."