याकोबची विनंती

प्रभाकररावनं याकोबच्या डोक्यावर हात ठेवला अन् इचारलं, "बोल बाबू, देवापाशी काय मांगू?"

पुलगावच्या त्या लहानशा चर्चमधली रविवारची भक्ती आटोपली होती, पण कोणी घरी गेलं नव्हतं. याकोब फौजेत भरती झालता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं ट्रेनिंगले निघणार होता. अन् तिथल्या मंडळीची एक रीत होती. गाव सोडणाऱ्यानं समोर येऊन गुडघे टेकायचे, मनातली एकच विनंती सांगायची. मंडळीतल्या सगळ्यात वडील माणसानं तीच विनंती देवापुढं ठेवायची. त्यातलं काई गाळायचं नाई, आपल्या पदरचं काई घालायचं नाई.

प्रभाकररावले वाटलं, पोरगं म्हणन, जिवंत वापस येऊ दे. फौजेत जाणारे सारे तेच मांगत. ते शब्द त्याच्या जिभेवर तयारच होते.

याकोब खालमानेनं बोलला. "आबाजी, मले मरायचं भेव नाई. मारायचं भेव हाये. माझ्या हातानं तिकडचं कोणाचं लेकरू पडलं, तर त्याच्या मायले देवानं आधार द्यावा. एवढंच मांगा."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. दुश्मनाच्या मायची एवढी काळजी, तर भरती कायले झाला म्हणे, इथंच बकऱ्या चारायच्या. दोघं-तिघं आणखी हसले. मग प्रभाकररावच्या तोंडाकडं नजर गेली अन् सारे गप झाले.

त्याचा पोरगा शांतवन एकाहत्तरच्या लढाईत गेलता. त्याले दहा वर्षं झालती. निघायच्या आदल्या रविवारी शांतवन याच जागी टेकला होता, अन् बापाच्याच हाताखाली. जिवंत वापस येऊ दे, हेच त्यानं मांगितलं. बापानं शब्दही न बदलता तेच देवापुढं ठेवलं. मग तार आली. तारेमागून शांतवनची लोखंडी पेटी आली.

तवापासून प्रभाकरराव साऱ्या गावासाठी प्रार्थना करे. तापाच्या पोरासाठी करे, गिरणीतल्या भांडखोर मजुरासाठी करे. पण तिकडच्या माणसाचं घरात नाव निघालं तरी ताटावरून उठून जाय.

घरातही एक काटा होता. त्याची बायको सुलोचना तार आली त्याच आठवड्यापासून रोज पहाटे चुलीपाशी गुडघे टेके. चूल पेटवायच्या आधी बराच वेळ तिचे ओठ हलत. एक दिवस चुकला नाई. प्रभाकररावनं मनाशी धरलं, हे शांतवनसाठी चालू हाये. अन् त्यांच्यात मेलेल्यासाठी मांगत नाईत. गेला तो देवाच्या हाती गेला, त्याच्यासाठी मांगणं म्हणजे देवावर भरोसा नाई म्हणण्यासारखं. पहिले त्यानं समजावून सांगितलं. मग खेकसला. मंडळीच्या वडिलाच्याच घरी हे चाललं तर लोकाले काय तोंडानं सांगू, म्हणाला. सुलोचना हो म्हणे ना नाई म्हणे. पदर सावरून चूल पेटवाले बसे. शेवटी दोघं कामापुरतंच बोलू लागले. तेल संपलं. पाणी आलं. जेवाले या.

आता याकोब प्रभाकररावपुढं टेकला होता. त्यानं पोराच्या डोक्यावरचा हात काढून घेतला.

"दुसरं मांग, याकोब. हे माझ्या तोंडून निघणार नाई."

याकोब म्हणाला, दुसरं काईच नाई. हे झालं नाई तर उद्या गाडीत पाय ठेवणार नाई, भरतीचा कागद चुलीत टाकीन. त्याचा बाप भिंतीपाशी उभा होता, त्यानं कपाळाले हात लावला. भक्ती चालवणारे पाळकसाहेब अर्धे उठले अन् परत बसले. रीत वडिलाची होती, त्यात त्याईले बोलता येईना.

तेवढ्यात बायाच्या बाजूनं सुलोचना उठली. कोणाकडं पाह्यलं नाई. सरळ समोर आली अन् नवऱ्यानं काढलेल्या हाताच्या जागी आपला हात ठेवला. याकोबची विनंती तिनं जशीच्या तशी मांडली. तिकडची माय, तिचं लेकरू, तिचा आधार, एक शब्द गाळला नाई. कुठं अडखळली नाई. याकोबचे खांदे हलाले लागले. रडता रडताच त्यानं मान हलवली, जातो म्हणून. त्याच्या बापानं कपाळावरचा हात काढला.

पण सुलोचना थांबली नाई. तिनं आणखी मांगितलं. "अन् देवा, ज्याच्या हातानं हे होईन, त्या पोरालेही सांभाळ. त्याले जेवण गोड लागू दे. रात्री त्याचा डोळा लागू दे. त्याले एकटं सोडू नको."

आमेन झालं. प्रभाकररावले बोलाले तेवढीच फट दिसली.

"हे पोरानं मांगितलं नव्हतं. हे तू पदरचं घातलं, सुलोचना."

सुलोचनानं याकोबच्या डोक्यावरचा हात काढला नाई. दहा वर्षांत पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून पाह्यलं.

"चुलीपाशी रोज हेच मांगते मी," ती म्हणाली. "आपल्या शांतवनले ज्यानं मारलं, त्याच्यासाठी."