गुलाबी फ्रॉकातली आई

पिल्लानं नाकाचा हलकेच चावा घेतला आणि सिस्टर जागच्या जागी विरघळल्या.

'घरात कुत्रं येणार नाही म्हणजे नाही' असं वर्षानुवर्षं ठणकावणाऱ्या त्या याच, हे सांगून कुणाला पटलं नसतं. "अगं माझी बबडी, अगं माझा लोण्याचा गोळा!" असं काहीबाही बडबडत त्या परक्या माणसाच्या दिवाणखान्यात गिरक्या घेत होत्या. मागोमाग लेक ठमी टाळ्या पिटत होती. नवरा बेकरीवाला. त्यानं पिल्लासाठी खास बिनसाखरेची बिस्किटं भाजून आणली होती आणि वाटेत त्यातली निम्मी स्वतःच फस्त केली होती. शिवाय पायात नवे कोरे पांढरे बूट, एखाद्या समारंभाला निघाल्यासारखे.

"घेऊन जाताय ना ताई?" घरमालकानं हात जोडले. 'घरीच, मायेनं वाढवलेली पिल्लं' अशी त्याची जाहिरात होती. "पोटच्या लेकरासारखी वाढवलीत हो. द्यायचं म्हटलं की जिवावर येतं."

सिस्टरांनी पिल्लाचा पुढचा पाय उलटून पाहिला आणि स्वतःच खुदकन हसल्या. त्यांची सारी नोकरी प्रसूतिगृहात गेली होती. तिथं आईच्या मनगटावरच्या पट्टीचा आणि बाळाच्या पट्टीचा क्रमांक जुळल्याशिवाय बाळ कुणाच्या हातात द्यायचं नाही, असा दंडक. हात आपोआप पट्टी शोधायला गेला होता.

"सवय हो, दुसरं काय! बरं, हिची आई कुठंय?"

मालकाचं हसू जरासं घसरलं, पण त्यानं ते लगेच सावरलं. "आहे ना! लाजाळू आहे जरा. आत्ता आणतो."

तो आत गेला आणि बऱ्याच वेळानं एक झुबकेदार कुत्री घेऊन आला. केस पार जमिनीला टेकलेले, अंगात झालरीचा गुलाबी फ्रॉक, डोक्यावर रिबीन. ठमी आनंदानं किंचाळलीच.

"ही राणी. नुसती माया आहे माया!"

सिस्टरांनी पिल्लू राणीजवळ ठेवलं. पिल्लानं तिला एकदा हुंगलं आणि पाठ फिरवली. राणीनं जांभई दिली. सिस्टरांच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली.

"बाळंतीण दमलेली असते हो ताई," मालक घाईघाईनं म्हणाला.

तेवढ्यात पिल्लानं सिस्टरांची हनुवटी चाटली आणि आठी गेली कुठल्या कुठं. ठरलं. नवऱ्यानं पाकीट काढलं, वरात अंगणात आली. बिस्किटांच्या वासानं राणीही मागून दुडूदुडू आली. तिनं बेकरीवाल्याभोवती एक फेरी मारली, नव्या बुटाचा नीट वास घेतला, गुलाबी झालर सावरली आणि मागचा पाय ऐटीत वर केला.

बेकरीवाला आपल्या ओल्या बुटाकडं बघतच राहिला.

"बाबा," ठमी म्हणाली, "आईनं तंगडी वर केली!"

मग जो हशा उसळला! बेकरीवाला एका पायावर लंगडी घालत होता, ठमी जमिनीवर लोळत होती, मालकही कसनुसं हॅ हॅ करत होता. सर्वांत जास्त सिस्टर हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसता त्या थांबल्या.

"म्हणजे हा बाप्या आहे. मग हिची आई कुठंय?"

घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून कसलीशी क्षीण कुंईकुंई आली. पिल्लानं कान टवकारले. ते हातातून सुटायला धडपडू लागलं. सिस्टर तरातरा तिकडं निघाल्या.

"ताई, तिकडं नको! तिकडं घाण आहे!" मालक मागून ओरडला. तेवढं मात्र तो खरं बोलला.

आत पिंजऱ्यांवर पिंजरे रचलेले होते. प्रत्येकात एकेक आई, गारठलेल्या अंधारात. पिल्लू एका पिंजऱ्यापाशी जिवाच्या आकांतानं ओरडलं. आतली कुत्री उठली, पण पिंजरा इतका ठेंगणा की तिला पाठ सरळ करता येईना. केस झडलेले, सड लोंबलेले. तिनं जाळीतून नाक बाहेर काढलं. सिस्टरांनी कडी काढली आणि पिल्लू तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं एकदाच हुंगलं आणि डोक्यापासून चाटायला सुरुवात केली.

क्रमांक जुळला होता. सिस्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर आयांच्या कुशीत बाळं दिली, आणि आज एका आईचं बाळ हसत हसत पळवायला निघालो होतो.

"दोघींनाही विकत घेऊ या का?" ओला बूट हातात धरून नवरा हळूच म्हणाला.

"आणि उद्या या पिंजऱ्यात कुणाला कोंबायचं? आपण घेतो म्हणून तर हा भरतो!" सिस्टरांनी मोबाइल काढला आणि प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला फोन लावला. "त्यांची गाडी येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

त्या खरंच हलल्या नाहीत. ठमीनं उरलेली बिस्किटं जाळ्यांतून वाटून टाकली. गाडी आली, शेड रिकामी झाली. पुढं सगळं रीतसर झाल्यावर संस्थेनं विचारलं, पिल्लू कोण नेणार? आणि एका पिल्लासाठी आसुसलेल्या त्या घरात तिघं जण आले. राणीला, म्हणजे आता राजाला, सोडायला बेकरीवाला तयार नव्हता. "माझ्या बुटावर सही केलीय त्यानं," तो म्हणाला.

पहिल्याच दुपारी ठमी धावत स्वयंपाकघरात आली. "आई, चल ना, गंमत बघ! पिल्लू राजाच्या पोटाशी दूध शोधतंय आणि तो मुकाट लुचू देतोय! आणि खरी आई बघ, चारी पाय ताणून घोरतेय नुसती. उठवू तिला?"

"खबरदार!" सिस्टर कुजबुजल्या. "बाळंतपणाची रजा आहे तिची. किती बाळंतपणांची साठलीय, कुणास ठाऊक."