एक हात मोकळा

"दादा, खरं सांगा. पोरीचा हात सुटला कसा?"

प्रसेनजीतनं विचारलं आणि तानूबाईच्या चुलीपुढं शेकत बसलेल्या मंडळींच्या माना विजयसिंहकडं वळल्या. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. पत्र्यावर असा दणका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. पण हा प्रश्न मात्र सगळ्यांना ऐकू गेला. विजयसिंहनं कोऱ्या चहाचा कप तोंडाला लावला.

सकाळी पन्हाळ्यावरून मोहीम निघाली होती. मुक्काम ह्या धनगरवाड्यात, म्हाताऱ्या तानूबाईच्या घरी, दुसऱ्या दिवशी पावनखिंड. ऐन आषाढात निघायचं, चिखल तुडवायचा, भिजायचं, ही ह्या मंडळींची दरवर्षीची रीत. यंदा विजयसिंहनं पोरांनाही बरोबर घेतलं. दीप्ती आठ वर्षांची, अभिराम पाच. वादळी पावसाचा इशारा होता. बायको, वर्षाराणी, दारात आडवी उभी राहिली.

"अगं, त्या रात्रीपण असाच पाऊस होता," विजयसिंह छाती फुगवून म्हणाला.

"होता की. पण त्या रात्री पोरं न्हेलती का कुणी?"

हा हसला आणि गाडी काढली. मोहिमेतले सगळ्यात लहान मावळे त्याला स्टेटसला टाकायचे होते. शिरोलीत कारखान्यातल्या दोस्तांना तसं सांगूनच ठेवलं होतं. मग काय, माघार घेतो होय?

संध्याकाळी शेवटच्या ओढ्यानं घात केला. पाणी गढूळ, मांडीपर्यंत, आणि ओढ अशी की भल्याभल्यांचे पाय ठरेनात. मोहिमेचा म्होरक्या प्रसेनजीत. त्यानं दोन्ही काठांच्या झाडांना दोर बांधला, अभीला खांद्यावर घेतलं आणि आधी पलीकडं गेला. मागून विजयसिंह. त्याच्या डाव्या हातात दीप्ती. उजव्या हातात मोबाईल, उंच धरलेला, व्हिडिओ चालू. दोराला त्यानं नुसती पाठ टेकवली होती.

"बोल दीपू, मावळा घाबरतो काय?"

"न्हाय!" दीपू ओरडली. तेवढ्यात त्याच्या पायाखालचा दगड हलला.

दोर धरायला एक हात मोकळा करायला हवा होता. विजयसिंहनं केला. डावा.

पोरगी धारेला लागली. प्रसेनजीत अभीला खाली ठेवून नुकताच वळला होता. त्यानं तशीच उडी घेतली. रेनकोटची टोपी हाताला लागली, म्हणून बरं. नाहीतर काय झालं असतं ते बोलायलाच नको. मोबाईलला मात्र ओढ्याचं पाणी शिवलंसुद्धा नव्हतं.

हात कुणी सोडला हे कुणी पाहिलं नव्हतं. पोरगी धारेला लागली तेव्हा कुठं सगळ्यांचे डोळे तिकडं वळले. पण आता विचारणारा विचारत होता, आणि खरं सांगितलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. वर्षाराणीपुढं तर नाहीच नाही. "धार..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"मीच सोडला, काका."

आवाज तानूबाईच्या घोंगड्यातून आला. दीप्तीचं नुसतं तोंड बाहेर दिसत होतं. ओठ अजून निळेच होते. "माझी टोपी उडायली होती. ती धरायला सोडला."

आता बापानं काय करावं? पोरीला जवळ ओढावं, खरं काय ते सांगून टाकावं. विजयसिंहच्या तोंडून मात्र भलतंच निघालं, त्याचं त्याला कळायच्या आत.

"किती वेळा सांगितलंतं, हात सोडायचा न्हाय म्हणून! ऐकतीस का कधी?"

दीप्तीनं मान खाली घातली. "चुकलं, पप्पा."

"आवं पावणं, वरडू नगासा," तानूबाई म्हणाली. "प्वार हाय. बाप संगं हुता म्हणून वाचली की. दुसरा असता तर असल्या पावसात पोरास्नी घिऊन उंबऱ्याभाईर तरी पडला असता का?"

म्हातारी कौतुक करत होती. त्यापेक्षा तिनं एक थोबाडीत हाणली असती तर बरं, असं विजयसिंहला झालं. अभीच्या पायाला जळू चिकटली होती, ती काढायला प्रसेनजीतनं चिमूटभर मीठ मागितलं.

जेवणात विजयसिंहचं लक्ष नव्हतं. दीप्ती त्याच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपली. रुसवा नाही, फुगवा नाही. तिची बोटं घट्ट होती, आपणच ती झटकली, हे त्याच्या तळहाताला अजून आठवत होतं. लाजेनं त्याला पोरीच्या तोंडाकडं बघवेना. पण मन मोठं लबाड. पोर आहे, घाबरली होती, टोपीसाठी आपणच हात सोडला असं तिला खरंच वाटत असेल, अशी तो स्वतःची समजूत काढत राहिला. उजाडेपर्यंत ती पटलीसुद्धा. खरं काय ते घरी गेल्यावर, सवडीनं सांगू, असंही ठरलं.

सकाळी प्रसेनजीतनं मोहीम मोडली. पावनखिंड राहू दे, डांबरी रस्ता गाठायचा, तिथं जीप येणार. वाटेत एकच ओढा होता, कालच्यापेक्षा लहान. तरी दोर बांधला. अभी खांद्यावरून पलीकडं गेला. विजयसिंह पाण्यात उतरला. जीपवाल्याचा फोन यायचा होता, म्हणून मोबाईल उजव्या हातात होता. डावा त्यानं दीप्तीपुढं केला.

"ये बाळा. आज सोडायचा न्हाय हं."

दीप्ती काठावरच थांबली. कुणी ऐकत नाही ना, ते तिनं मागं वळून बघून घेतलं. मग त्याच्या उजव्या हाताकडं बघत हळूच म्हणाली,

"आधी मोबाईल माझ्याकडं द्या, पप्पा. मोबाईल मी घट्ट धरते. तुम्ही मला धरा."