भाऊंना दिलेलं काम

"हे सगळं तुम्ही एकट्या करता?" तिच्या टेबलावरचा ढीग बघून मोठ्या साहेबांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकलं, की जे फक्त तुम्हालाच जमेल तेवढं ठेवा, बाकीचं वाटून टाका. कंपनीचा नवा पंखा बाजारात यायला थोडेच आठवडे उरले होते. ती मार्केटिंगची प्रमुख. पंखा चालला तर नाव साहेबांचं होणार होतं, नाही चालला तर खापर तिच्या डोक्यावर फुटणार होतं.

काम करायला ती कधी मागे हटली नाही, पण वाटून देणं तिच्या जिवावर यायचं. जाहिरातीतलं प्रत्येक वाक्य ती स्वतः तपासायची, दुकानदारांचे फोन स्वतः घ्यायची, प्रदर्शनातल्या स्टॉलचा पडदा कुठल्या रंगाचा हेही तिलाच ठरवायचं असायचं. नाकी नऊ आले होते. त्या दिवशी तिने मन घट्ट केलं. जाहिराती एकाकडे, दुकानदार दुसऱ्याकडे, स्टॉल तिसऱ्याच्या गळ्यात. संध्याकाळपर्यंत टेबल बरंच मोकळं झालं.

खासगी फोन मात्र थरथरतच होता. मेसेज बाबांचा होता.

बाबा दूरच्या गावी एकटेच राहायचे. जिन्यावरून पडल्यापासून त्यांचं चालणं जवळपास बंद झालं होतं आणि दिवसरात्र एक सिस्टर त्यांच्याजवळ असायची. आई गेल्यावर तिला आपलं म्हणावं असं ते एकच माणूस उरलं होतं. त्यांचे मेसेज म्हणजे "ठकू, पेपर आला नाही," नाहीतर "ठकू, पंखा वाजतोय." लहानपणापासून ती त्यांची ठकूच. अंथरुणाला पाठ टेकता टेकता ती "बरं" एवढंच लिहायची आणि झोपून जायची. याचं तिला अगदी मनापासून वाईट वाटायचं. पण वाईट वाटून घ्यायलाही वेळ लागतो, आणि तो तिच्याकडे नव्हता.

शेवटी तेही काम तिने दिलं. भाऊ तिचे सेक्रेटरी, निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. तिने फोनच त्यांच्या हातात ठेवला आणि माझ्या नावाने बाबांशी जरा गोड बोलत जा म्हणून सांगितलं.

"मॅडम, हे काम वाटून देण्यातलं आहे का?" भाऊंनी विचारलं.

पंखा येईपर्यंतच, ती म्हणाली.

आणि गंमत म्हणजे बाबाच बदलले. संध्याकाळी भाऊ त्यांचे मेसेज वाचून दाखवू लागले. "बाळा, आज खिडकीत चिमण्या आल्या होत्या. तू वेळेवर जेवत जा." बाबांनी जन्मात कधी चिमणीकडे पाहिलं नव्हतं. म्हातारपणी माणूस हळवा होतो, असं भाऊंचं म्हणणं पडलं आणि तिला ते पटलं. साहेबांनी पंख्याची तारीख अलीकडे ओढली, तयार झालेली जाहिरात नापसंत केली, त्या दिवशी तिचं अवसानच गळालं होतं. तेव्हा भाऊंनी वाचलं, "बाळा, तू करतेस ते पुष्कळ आहे." ती बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंड धुतलं आणि पुन्हा कामाला बसली. त्या शब्दांवरच ती दिवस ढकलत होती. आपण बाबांना फसवतोय आणि ते मात्र भरभरून देताहेत, हे तिला आतून खात होतं.

एकदा भर मीटिंगमध्ये भाऊ आत आले. ते असं कधी करत नसत. खाली वाकून हळूच म्हणाले, "आज एवढंच आलंय, मॅडम. 'ठकू, एकदा येऊन जा.' याला उत्तर तुम्हीच द्या."

ती उठली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. जाहिरातवाले पेन उघडून तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. ती पुन्हा खाली बसली.

"तुम्हीच लिहा काहीतरी," ती म्हणाली. "पंखा आला की लगेच येते म्हणावं."

भाऊंनी काय लिहिलं हे विचारायचं राहूनच गेलं. संध्याकाळी बाबांचा मेसेज आला, "बाळा, काम आधी. मी मजेत आहे." तिचा जीव भांड्यात पडला.

पंखा बाजारात आला, चाललाही. साहेबांचे फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गावाला निघाली. काय सांगायचं, कसं सांगायचं, याची उजळणी वाटभर चालली होती.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते, ओळखू येऊ नयेत इतके वाळलेले. सिस्टर तिची नजर चुकवून चहा टाकायला आत गेली. तिने स्टूल ओढलं, त्यांचा हात हातात घेतला आणि एका दमात सांगून टाकलं, की बाबा, ते मेसेज मी लिहीत नव्हते, आमच्या ऑफिसातले भाऊ लिहायचे.

बाबा रागावले नाहीत. थकल्यासारखे हसले.

"ठाऊक आहे मला. पहिल्याच दिवशी आलं, जेवलात का, झोप लागली का. तू कधी विचारलंस असलं? म्हटलं, हे कुणीतरी दुसरंच. मग मीही फोन सिस्टरला देऊन टाकला. तुम्हीच बोला म्हटलं त्यांच्याशी. त्या चिमण्याबिमण्या सगळ्या तिच्याच."

ज्या शब्दांवर तिने इतके दिवस काढले होते, ते आत चहा गाळणाऱ्या बाईचे होते.

"मी एकच लिहिला," बाबा म्हणाले. "फोन परत मागून घेतला त्या दिवशी. येऊन जा म्हणून लिहिलं. त्याचं उत्तर आलं, 'बाबा, तुमच्याशिवाय मला आहे कोण.' तेवढं मी रोज वाचून घेतो सिस्टरकडून."

त्यांनी तिचा हात किंचित दाबला.

"ते तरी तूच लिहिलं होतंस ना, ठकू?"