कॅमेरा धरणारी

“हलली ना?” सरांनी विचारलं, तेव्हा कॅमेरा धरणारी शिकाऊ डॉक्टर गप्प राहिली.

खरं तर ‘हलली’ हा शब्द सरांचाच. गर्भाशयाच्या कडेनं मूत्रनलिका जाते, पेनातल्या रिफिलएवढी. तिच्यावरूनच रक्तवाहिनी आडवी गेलेली असते, आणि घाईत दोन्ही सारख्याच वाटतात. पण मूत्रनलिकेला हलकेच डिवचलं की ती गांडुळासारखी वळवळते. म्हणून या विभागात नियमच होता: कॅमेरा धरणाऱ्यानं मोठ्यानं ‘हलली’ म्हटल्याशिवाय कात्री चालवायची नाही. या एका शब्दापायी सरांनी किती पोरांना फाडून खाल्लं होतं!

पण आज शिकवणी कसली, आज नुसता देखावा. पलीकडच्या सभागृहात गावोगावचे डॉक्टर दुर्बिणीचं हे ऑपरेशन, पोटात घातलेला कॅमेरा दाखवेल तसं, पडद्यावर बघत होते आणि सरांच्या गळ्यापाशी माइक होता. टेबलावरच्या बाईंच्या पोटात आधीच्या ऑपरेशनांमुळे सगळं एकमेकांना चिकटलेलं. अशा पोटात नलिका आपली जागा सोडून भलतीकडेच ओढली जाते. ती शोधायला वेळ लागतो, आणि सभागृहातली चुळबुळ स्पीकरमधून ऐकू यायला लागली होती.

“सर, अजून दिसली नाही,” माइकमध्ये जाणार नाही अशा बेतानं ती कुजबुजली. “जरा मोकळं करून बघू या का?”

सरांनी पायाखालचं बटण दाबून माइक बंद केला. “आता तू मला शिकवणार? कॅमेरा नीट धर.” बटण सुटलं आणि आवाजात लगेच साखर आली. “तर मित्रहो, नलिका आपण सुरक्षित बाजूला ठेवली आहे. आता ही चिकटलेली पट्टी कापू या.”

कात्री मिटली. रक्त आलं नाही. पाण्यासारखं काहीतरी झिरपलं, थांबलं, पुन्हा झिरपलं.

भूल देणारे डॉक्टर उगाचच आपल्या यंत्राकडे बघायला लागले. सरांनी पुन्हा बटण दाबलं.

“कॅमेरा वर घे. यकृत दाखव, काहीही दाखव. हे नंतर बघू.”

नंतर म्हणजे काय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. पोट बंद होणार. बाई दुखतंय म्हणणार, आणि ‘ऑपरेशननंतर दुखायचंच’ म्हणून त्यांना गप्प बसवणार. आत लघवी साठत राहणार, एक दिवस किडनी हातची जाणार. आपली पुढची नोकरी सरांच्या एका शब्दावर आहे, हेही तिला ठाऊक होतं. तिला सरांची भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा जास्त किळस. तिनं कॅमेरा वर घेतला नाही. उलट आणखी जवळ नेला.

पडद्यावर नलिकेचं कापलेलं तोंड भलंमोठं दिसलं.

सर गडबडले, पण क्षणभरच. मुरलेला माणूस! माइक सुरू करून ते शांतपणे म्हणाले, “बरं झालं, हे तुमच्यासमोरच घडलं. कॅमेरा धरणाऱ्याचं लक्ष उडालं की काय होतं, बघून ठेवा. मी विचारलं होतं, तुम्हीही ऐकलंत. उत्तरच आलं नाही.”

स्पीकरमधून कुणीतरी भारावून म्हणालं, “सर, मानलं तुम्हाला! इतक्या मोकळेपणानं कोण दाखवतं हो?”

मग टाळ्या पडल्या.

तो कॅमेरा सरांच्या अंगावर भिरकावून तडक निघून जावं, असं तिला वाटलं.

“सुई द्या, सिस्टर,” सर म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “आता तरी नीट धरशील ना?”

नलिका शिवायची होती. कॅमेरा सुटला की पोटात अंधार, आणि अंधारात कोण शिवणार?

“धरलाय, सर,” ती म्हणाली.